जाहिरात आहे, एवढं सांगा

गाणं वाजवायचं, गायकाचं नाव सांगायचं, सिनेमाचं मात्र सांगायचं नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीवर अशी पद्धत सुरू झाली होती. सिनेमाचं नाव घेतलं की ती त्याची जाहिरात झाली, आणि लोकांनी रेडिओ बाळगण्यासाठी भरलेल्या लायसन्स फीवर चालणाऱ्या रेडिओने कुणा निर्मात्याची फुकट जाहिरात करायचं काही कारण नाही, असा त्यामागचा विचार. माहिती व नभोवाणी खातं तेव्हा बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं. 1952 ते 1962 अशी दहा वर्षं त्यांनी ते सांभाळलं. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर कैवारी होते आणि सिनेसंगीताबद्दलची नावड त्यांनी कधी लपवली नाही.

निर्माते चिडले. आमची गाणी वाजवून श्रोते तुम्ही मिळवता आणि आमच्या सिनेमाचं नाव घ्यायला तुमची जीभ जड होते? 1954 मध्ये त्यांनी आकाशवाणीला दिलेले परवाने काढून घेतले आणि सरकारी रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांचा दुष्काळ पडला. ज्यांना ती ऐकायची होती त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेतलं केंद्र, लावलं.

हा किस्सा सहसा केसकरांची टिंगल करण्यासाठी सांगितला जातो. टिंगल व्हावी असा तो आहेच. गाण्याची ओळख लपवून गाणं वाजवणं हा खुळेपणा होता आणि त्याचा फायदा शेजारच्या देशाच्या रेडिओने उचलला. पण त्या खुळेपणाच्या पोटात एक रास्त प्रश्न होता. रेडिओवर कार्यक्रम कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे ठरवायचं कुणी आणि श्रोत्याला ते कळणार कसं? केसकरांचं उत्तर चुकलं. आज, सत्तर वर्षांनी, हा प्रश्न विचारायचंच आपण सोडून दिलं आहे. रेडिओवरच्या सिनेमाच्या जाहिरातीचा आजवरचा प्रवास पाहिला तर ती वाईट झाली किंवा कर्कश झाली ही माझी मुख्य तक्रार नाही. पूर्वी ती ओळखू यायची, आता येत नाही, ही आहे.

सिलोनला असले पेच कधी पडलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी कोलंबोत बसवलेला ताकदवान ट्रान्समीटर युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला होता आणि त्यावर त्यांनी जाहिरातींवर चालणारी सेवा सुरू केली. भारतात ऐकू येईल, पण भारत सरकारचा कायदा लागू होणार नाही, अशी ती अगदी सोयीची जागा होती. 3 डिसेंबर 1952 ला तिथून सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाला. बुधवार, रात्री आठ. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. त्याचे निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीतही पोचले नव्हते. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं ते पुढे सांगत. या कार्यक्रमाचं नावच टूथपेस्टचं होतं, त्यामुळे पैसे कुणाचे हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. तासाभरात किती वेळा दात घासायची आठवण करून दिली तरी कुणी रागावत नसे.

सिनेमांच्या स्वतःच्या जाहिराती मात्र वेगळ्या घडणीच्या होत्या. त्यांवर जरा रेंगाळायला हवं, कारण आज तो प्रकार पुरता संपला आहे. निर्माता पंधरा मिनिटांचा वेळ विकत घ्यायचा आणि त्यात आपल्या सिनेमाचा ‘रेडिओ प्रोग्रॅम’ लावायचा. असे कार्यक्रम सिलोनवर लागत, नंतर विविध भारतीवरही लागू लागले. सुरुवातीला वाद्यांचा एक दणका, मग घुमणाऱ्या आवाजात सिनेमाचं नाव, आणि लगेच ते पुन्हा एकदा. मग निवेदक कथेचा धागा हातात घ्यायचा: एक गाव होतं, एक ठाकूर होता, त्याचे दोन मुलगे जत्रेत दुरावले. मग थेट पडद्यावरचा एखादा संवाद, त्यामागे घोड्यांच्या टापा किंवा दाराची करकर. मग गाण्याचा मुखडा, तोही अर्धाच, कारण अंतरा ऐकायचा तर थिएटरात या. आणि कथा ऐन वळणावर आली की निवेदकाचे ते प्रश्न: ‘क्या ठाकुर अपने खून को पहचान पाएगा? क्या माँ की ममता हार जाएगी?’ उत्तर अर्थातच मिळायचं नाही. त्यासाठी तिकीट.

यातलं कसब डोळ्यांआड राहिलं. सिनेमाच्या ध्वनिपट्टीवरून तुकडे टेपवर उतरवायचे, ब्लेडने कापायचे, चिकटवायचे, मध्ये निवेदन बसवायचं. चित्र काढून घेतल्यावर कुठला संवाद नुसत्या कानावर उभा राहतो याची पारख लागायची. नायक भुवई उंचावतो ते रेडिओवर कसं दाखवणार? जे दिसत नाही ते निवेदकाने दोन शब्दांत सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सयानींच्या नावावर 54 हजार कार्यक्रम आणि 19 हजार जाहिराती आणि जिंगल्स सांगितल्या जातात, त्यात सिनेमांच्या कामाचा वाटा मोठा होता. सिनेमाचं नाव तीनतीनदा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून का घेतलं जायचं, याचं एक कारण मला दूरवर पोचणाऱ्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपणात दिसतं. आवाज लाटेसारखा यायचा आणि विरायचा. नेमकं नाव घेताना तो विरला तर निर्मात्याचे पैसे पाण्यात. त्या काळच्या निवेदकांची शैली म्हणून आपण ज्याच्या नकला करतो, तिच्यातला बराच भाग हवेतल्या खरखरीने घडवलेला असावा.

आणि हे लोकांना आवडायचं. ‘शोले’चे संवाद पुढे पॉलिडॉर कंपनीने ध्वनिमुद्रिकेवर काढले आणि लोकांनी ते विकत घेतले. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, हॉटेलात ते वाजत राहिले. सिनेमाचा नुसता आवाज पैसे देऊन ऐकायला लोक तयार होते. त्या कानांची तयारी पंधरापंधरा मिनिटांच्या अशा कार्यक्रमांनीही केली होती, असं मी मानतो.

आकाशवाणी शेवटी वठणीवर आली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मांसारख्या कवीच्या हाती तिची सूत्रं होती, आणि सिनेमाची गाणी सन्मानाने परतली. त्यानंतर दहा वर्षं त्यावर जाहिरात नव्हती. 1 नोव्हेंबर 1967 ला ती आली आणि प्रयोग म्हणून पहिली केंद्रं निवडली ती मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे देशातल्या सरकारी रेडिओवरची व्यापारी जाहिरात पहिल्यांदा महाराष्ट्राने ऐकली. 1970 पासून प्रायोजित कार्यक्रमही आले आणि सिलोनला जाणारा पैसा घरच्या घरी राहू लागला.

आपल्याकडच्या मराठी सिनेमाला याचा उपयोग झाला. हिंदीवाल्यांसारखा पंधरा मिनिटांचा थाट सगळ्यांना परवडायचा नाही, पण दहावीस सेकंदांचा स्पॉट परवडायचा. लालबागच्या भारतमातात, दादरच्या प्लाझात, रोज तीन खेळ, तुफान गर्दीचा अमुक आठवडा, सहकुटुंब पाहा. ग्रामीण ढंगाचा एखादा आवाज, ढोलकीची एक थाप, एखादा चावट संवाद अर्ध्यात तोडलेला. तालुक्याच्या गावी टांग्यावर किंवा रिक्षावर भोंगा बांधून थिएटरवाला जे ओरडत फिरायचा, तेच इथे जरा इस्त्री करून यायचं. कामगार वस्तीत, गिरणीची पाळी संपवून आलेल्या माणसाला कुठला सिनेमा कुठे लागला आहे हे कळायला वर्तमानपत्र विकत घ्यावं लागत नसे.

इथे एक सावधगिरी. त्या काळाला सोवळ्यात बसवायचं नाही. ‘गीतमाले’तल्या गाण्यांच्या क्रमवारीवर डोळा ठेवून पत्रांचे गठ्ठे पाठवले जातात, अशी कुजबूज तेव्हाही होती. फर्माईशीच्या पत्रांमुळे झुमरी तलैया हे गाव देशभर माहीत झालं, आणि इतकी पत्रं खरंच श्रोतेच लिहितात का, अशी शंका घेणारे तेव्हाही होते. सिनेमा म्हणजे एक व्यवहार, त्यात पैसा फिरतो आणि पैसा फिरतो तिथे हातचलाखी असते. जुन्या जाहिराती थापाही बिनधास्त मारायच्या. दुसऱ्याच आठवड्यात उतरलेल्या सिनेमाला ‘अभूतपूर्व यश’ म्हणायला कुणाची जीभ अडखळत नसे.

तरीही एक गोष्ट पक्की होती. ‘अब सुनिए प्रायोजित कार्यक्रम’ असं म्हटलं की घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं, आता विकणारा बोलतो आहे. कार्यक्रम संपला की पुन्हा केंद्राचा निवेदक यायचा आणि त्याचा सूर वेगळा असायचा. विविध भारतीचा निवेदक कधी म्हणाला नाही की काल मी अमुक सिनेमा पाहिला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तुम्हीही जा. त्याचं मत विकाऊ नव्हतं. खरं तर सिनेमाबद्दल त्याने मत द्यावं अशी अपेक्षाच नव्हती. थाप मारणारा कोण, वेळ सांगणारा कोण, हे दोन आवाज वेगळे होते.

हे बदललं त्याचं खापर नुसतं टीव्हीवर फोडलं जातं. टीव्हीने घाव घातला हे खरं. 1982 नंतर रंगीत दूरदर्शन गावोगाव पसरलं, गाणं दिसायला लागलं, मग नुसतं ऐकायला कोण थांबणार. पण माझ्या मते मोठं कारण सिनेमा प्रदर्शित करण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी प्रिंटा मोजक्या असायच्या. सिनेमा आधी मुंबईत लागायचा, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला, आणि तालुक्याला पोचेपर्यंत सहा महिने, वर्ष उलटायचं. चालला तर पंचवीस आठवडे चालायचा, रौप्यमहोत्सव व्हायचा. एवढा लांब पल्ला असेल तर दर आठवड्याला पंधरा मिनिटं कथा सांगून उत्सुकता जागी ठेवणं परवडतं. मल्टिप्लेक्स आले, डिजिटल प्रक्षेपण आलं, आणि एकच सिनेमा एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर उघडू लागला. रविवारी रात्री त्याचा निकाल लागतो. आता उत्सुकता जोपासायला वेळ नाही, दहा दिवस आधीपासून नाव कानात ठोकून बसवायचं आहे. त्यासाठी कथा नको. दहा सेकंदांचा स्पॉट हवा, तासाला चारदा हवा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी ओळखीचा, लाडका माणूस सहज बोलल्यासारखं बोलणारा हवा.

तो लाडका माणूस, म्हणजे आरजे (रेडिओ जॉकी), एफएमने दिला. 1993 मध्ये आकाशवाणीच्या एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना भाड्याने मिळाले. जुलै 2001 मध्ये बंगळुरूत देशातलं पहिलं पूर्ण खासगी केंद्र सुरू झालं, पाठोपाठ मुंबई, पुणे आणि बाकीची शहरं. पहिल्या फेरीतल्या परवाना शुल्काने या केंद्रांचं कंबरडं मोडलं. 2005 मध्ये उत्पन्नातला वाटा देण्याची पद्धत आली तेव्हा कुठे ती तगली. उत्पन्नाचा मार्ग एकच, जाहिरात. श्रोता एक पैसा देत नाही, हे विसरून चालणार नाही.

सरकारने या केंद्रांवर एक बंधनही घातलं, त्याची चर्चा फार कमी होते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावाव्यात. वाहतूक, हवामान, पाणी-वीज, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती चालते, पण महापालिकेने रस्त्याच्या कंत्राटात काय दिवे लावले यावर बातमी म्हणून बोलायला बंदी. आता तुम्हीच सांगा, दिवसाचे अठरा-वीस तास बोलायचं आहे, शहराचं राजकारण वर्ज्य, धोरणं वर्ज्य, मग उरतं काय? सिनेमा, क्रिकेट आणि नवरा-बायकोचे विनोद. सिनेमाच्या प्रसिद्धीला एफएमवर जी मोकळी जागा मिळाली, ती सरकारने बातमीला हाकलून रिकामी करून दिली आहे. आरजेला पोकळ म्हणणाऱ्या सुशिक्षितांनी हे जरा ध्यानात घ्यावं. गप्पांचे विषयच आधी काढून घेतले आणि मग गप्पा पोकळ आहेत म्हणून नाकं मुरडली, हा न्याय नव्हे.

आता आजचा प्रकार पाहू. सिनेमाच्या पोस्टरवर तळाला बारीक अक्षरांत रेडिओ पार्टनर म्हणून एखाद्या केंद्राचा शिक्का असतो. त्याच्या बदल्यात काय काय होतं? नायक-नायिका स्टुडिओत येतात, तासभर हसतखेळत बसतात. तिकिटांच्या स्पर्धा होतात: सिनेमातल्या हिरोच्या कुत्र्याचं नाव काय, पहिल्या पाच जणांना दोनदोन तिकिटं. गाणी दिवसातून किती वेळा वाजणार हे ठरतं. यातलं बरंचसं उघड आहे आणि मला त्याचं वावडं नाही. नायिका स्टुडिओत आली तर ती काही ज्ञानेश्वरीवर बोलायला आली नाही हे कुणालाही कळतं.

खटकतं ते पुढचं. त्याला धंद्यात ‘आरजे मेन्शन’ म्हणतात आणि स्पॉटसारखंच तेही विकलं जातं. संध्याकाळी रिक्षात बसलेले असता, सिग्नलला गाडी थांबलेली, आणि आरजे म्हणते, ‘यार, काल ना मी एक ट्रेलर बघितला, चार वेळा बघितला, आईला पण दाखवला, आई म्हणाली शुक्रवारचं बुकिंग कर.’ मग हसणं, मग गाणं, तेही त्याच सिनेमाचं. आरजेच्या आईला ट्रेलर खरंच आवडला असेल. असेलही. ते वाक्य पैसे देऊन बोलवून घेतलं आहे की मनापासून आलं आहे, हे मला रिक्षात बसून कळायला काही मार्ग नाही. आधी सूर बदलत नाही, नंतर बदलत नाही. दोन मिनिटांपूर्वी याच आवाजाने मला वाहतूक कुठे तुंबली आहे ते सांगितलं आणि ते खरं निघालं होतं. त्या विश्वासावर बसून हा सिनेमा माझ्याकडे येतो. दर शुक्रवारी काही ठिकाणी सिनेमाचं परीक्षणही होतं, ताऱ्यांसकट. ज्या सिनेमाशी केंद्राची भागीदारी आहे त्याचं परीक्षण त्याच केंद्रावर ऐकताना निदान तेवढं तरी आधी सांगावं, ही अपेक्षा जास्त आहे का?

पैसा कोण कुणाला देतो, याचाही इथे विचित्र गुंता आहे. गाणं वाजलं की सिनेमाची जाहिरात होते, मग आम्ही गाण्याचे पैसे का भरायचे, असा एफएमवाल्यांचा युक्तिवाद होता. आमचा माल वाजवून तुम्ही जाहिराती मिळवता, पैसे मोजा, असं संगीत कंपन्यांचं म्हणणं. हे भांडण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. शेवटी ऑगस्ट 2010 मध्ये कॉपीराइट बोर्डाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के असा दर ठरवून दिला. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हे त्यातलं गमतीचं. सिनेमाचं गाणं कार्यक्रमही असतं आणि जाहिरातही असते. म्हणून तर गाण्यापुरता कुणी हट्ट धरू नये. पण माणसाच्या मताबद्दल हाच युक्तिवाद चालत नाही. मत एकतर त्याचं असतं किंवा विकत घेतलेलं असतं.

यावर कायदा नाही असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ती कुठल्याही माध्यमातल्या जाहिरातीला लागू आहेत, आणि शिफारस करणाऱ्याचं उत्पादकाशी आर्थिक नातं असेल तर ते उघड करावं असं त्यांत म्हटलं आहे. त्याआधी, मे 2021 मध्ये, जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ‘आस्की’ हिने समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी नियम केले. त्यात नुसत्या ध्वनीच्या मजकुराचाही विचार आहे: ही जाहिरात आहे असं सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट बोलून दाखवायचं. म्हणजे पॉडकास्ट करणाऱ्याने सांगायचं. पण हे नियम डिजिटल माध्यमांपुरते. आता मजा पाहा. तीच आरजे, तोच सिनेमा, तेच वाक्य. इन्स्टाग्रामच्या रीलवर टाकलं तर कोपऱ्यात ‘जाहिरात’ किंवा ‘पेड पार्टनरशिप’ असं लेबल लावावं लागतं. तेच वाक्य माइकसमोर बोललं आणि ते शहरभर पसरलं, तर लेबल गायब. डोळ्यांना जी सवलत दिली ती कानांना का नाही?

खरं म्हणजे उलट असायला हवं. रील माझ्या मोबाइलवर खासगी कंपनीच्या यंत्रणेतून येतं. रेडिओच्या लहरी सरकारने वाटलेल्या आहेत आणि त्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 ला बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितलं होतं. ज्या जमिनीवर सगळ्यांचा हक्क, तिथे दुकान मांडायला हरकत नाही, पण दुकानावर पाटी हवी.

अमेरिकेत 1959-60 च्या सुमारास असाच वाद पेटला होता. रेकॉर्ड कंपन्यांकडून लपूनछपून पैसे घेऊन गाणी वाजवली म्हणून अ‍ॅलन फ्रीडसारख्या गाजलेल्या डिस्क जॉकीची कारकीर्द बसली आणि 1960 मध्ये कायदा कडक झाला. त्या कायद्याने पैसे घेऊन गाणं वाजवायला बंदी केली नाही. घ्या, पण श्रोत्यांना सांगा, एवढंच म्हटलं. त्याने तिथले गैरव्यवहार संपले नाहीत, अधूनमधून नवी प्रकरणं निघत राहिली. तरी निघाली तेव्हा ती प्रकरणं ठरली, कारण काय चूक हे लिहून ठेवलेलं होतं. आपल्याकडे आरजेने माइकसमोर हे कसं सांगायचं याचा वेगळा नियमच नाही, म्हणून प्रकरण व्हायला जागा फार थोडी.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. श्रोता दूधखुळा नाही, त्याला सगळं कळतं, हा पहिला. कळत असेल तर सांगायला अडचण कसली? सांगितल्याने काही बिघडत नसेल तर दोन सेकंदांचाच प्रश्न आहे, आणि बिघडत असेल तर याचा अर्थ श्रोत्याला कळत नव्हतं. दुसरा आक्षेप असा, की हे औषध नाही, कर्ज नाही, सिनेमाच आहे, फार तर तीन तास वाया जातील. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला जाऊन पॉपकॉर्नसकट किती घालवून येतं ते आठवा आणि मग ‘फार तर’ म्हणा. तिसरा आक्षेप गंभीर आहे: रेडिओची कमाई आधीच आटत चालली आहे, मेन्शनची गंमत गेली तर जाहिरातदार पळतील आणि केंद्रं बंद पडतील. हा धोका खरा आहे. पण आरजेच्या बोलण्याला किंमत आहे ती लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात म्हणून. तो विश्वास असाच खर्चत गेलं तर काही वर्षांनी विकायलाही काही उरणार नाही. मग जाहिरातदार आपणहून जातील.

मराठी सिनेमाच्या बाजूने पाहिलं तर हा प्रश्न आणखी टोचतो. आपल्या बऱ्याच निर्मात्यांचं प्रसिद्धीचं बजेट हिंदी सिनेमाच्या चहापाण्याएवढं. त्याला मिळतात गैरसोयीच्या वेळचे खेळ आणि जेमतेम एक आठवडा. मुंबईत तर मराठी गाणी एफएमवर वाजावीत यासाठीच वेगळ्या मागण्या कराव्या लागल्या. पूर्वीच्या व्यवस्थेत असा निर्माता दहा सेकंद विकत घ्यायचा आणि त्या दहा सेकंदांत तो हिंदीच्या बरोबरीने उभा असायचा, कारण दोघेही जाहिरात म्हणूनच बोलत होते. आताच्या व्यवस्थेत मोठ्या सिनेमाला स्पॉट तर मिळतोच, शिवाय शहराच्या लाडक्या आवाजाची माया मिळते. लहान सिनेमाबद्दल तो आवाज गप्प असतो. त्याचं गप्प राहणं नापसंतीचं आहे की करार नसल्याचं, हे श्रोत्याला कळत नाही. ‘त्याबद्दल कुणी बोलतच नाहीये, काही खास नसेल’ असं म्हणून लोक पुढे जातात. कोल्हापूर, नाशिक, सोलापूरच्या केंद्रांवर आरजे एखादा लहान मराठी सिनेमा मनापासून उचलून धरतात, तेही मी ऐकलं आहे. पण त्यांचं ते मनापासूनचं बोलणं आणि विकतचं बोलणं एकाच भावात तोललं जातं. प्रामाणिक आरजेचं यात सगळ्यात जास्त नुकसान आहे.

सरकारी नियमाची वाट पाहायची तर ती फार लांबेल, आणि केसकरांच्या धर्तीचा एखादा नवा खुळेपणाही निघू शकतो, सिनेमाचं नावच घेऊ नका वगैरे. तक्रारीची वाटही रेडिओपुरती अवघड आहे. छापील जाहिरात कापून ठेवता येते, रीलची लिंक पाठवता येते, पण संध्याकाळी पावणेसातला रिक्षात ऐकलेल्या वाक्याचा पुरावा म्हणून काय जोडणार? त्यामुळे सुरुवात केंद्रांनीच करायला हवी. मेन्शनच्या आधी आणि नंतर ‘ही जाहिरात आहे’ असं आरजेने स्वतःच्या आवाजात म्हणावं, घाईघाईने वाचलेल्या अटी-शर्तींच्या सुरात नाही. भागीदारी असलेल्या सिनेमाचं परीक्षण करायचं असेल तर तसं सांगून करावं, नाहीतर त्या आठवड्यापुरतं परीक्षण दुसऱ्या सिनेमाचं घ्यावं. आणि दर शुक्रवारी केंद्राच्या अ‍ॅपवर एक साधी यादी टाकावी: या आठवड्यात लागलेले सिनेमे, आणि त्यांतल्या कुणाकुणाशी आमचा करार आहे.